प्रार्थनेची थकबाकी

"मॅडम, देवासाठी वेळच उरत नाही," हे वाक्य कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत मी इतक्या वेळा ऐकले आहे की, त्यामागे काय दडलेले असते याचा आता मला साधारण अंदाज येतो. सांगणाऱ्यांत रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका असतात, रविवारी सुट्टी नसलेले शिरोलीच्या फाउंड्रीतले कामगार असतात, दोन लहान मुलांच्या आया असतात. बहुतेकांना माझ्याकडून वेळापत्रक हवे असते. मी ते सहसा देत नाही, कारण आखून दिलेले वेळापत्रक पंधरा दिवसांत मोडते आणि त्याबरोबर माणसाचा स्वतःवरचा विश्वासही थोडा मोडतो, हे सुरुवातीच्या वर्षांत मी माझ्याच चुकांतून शिकले.

आज ज्यांच्याविषयी लिहिते आहे ते चाळिशीतले गृहस्थ एका पतसंस्थेत वसुलीचे काम पाहतात. ओळख पटू नये इतपत तपशील मी बदलले आहेत. घराणे जुने ख्रिस्ती. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, त्यानंतर येथे जी ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, उभी राहिली तिच्यातले. लहानपणी घरी रोज दिवेलागणीला कौटुंबिक प्रार्थना होत असे. आजोबा पेटी वाजवत, ना. वा. टिळकांची भजने होत, मग बायबलमधले शास्त्रवाचन, आणि शेवटी आजोबांची प्रार्थना, जिच्यात आजारी शेजाऱ्यापासून गाभण म्हशीपर्यंत सर्वांची आठवण निघे. तास सहज जाई. आता त्यांना घरी यायला रात्रीचे नऊ वाजतात, मार्चअखेरीस अकरा. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान येतो, त्यामुळे लेंटचे, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचे, दिवस आणि वसुलीची धांदल यांची गाठ दरवर्षी ठरलेलीच. सहा महिने ते रविवारच्या उपासनेला गेले नव्हते.

पहिल्या दोन भेटींत मी त्यांना दिवस तासागणिक लिहून आणायला सांगितला. कागदावर रात्री मोबाइलची पंचवीस मिनिटे निघाली, दुपारच्या चहाची पंधरा. वेळ अगदीच नव्हता असे नाही.

"मग रात्री दोन मिनिटे प्रार्थना का होत नाही?" मी विचारले.

"दोन मिनिटांत काय होतंय मॅडम? आजोबा तासभर बसायचे. दोन मिनिटं म्हणजे देवाची चेष्टाच."

शेवटचा तो 'च' मी वहीत लिहून ठेवला. माणसाला परिस्थितीपेक्षा तिच्याविषयी त्याने स्वतःशी ठरवलेले वाक्य अधिक छळते, असे मी मानते. आणि मराठीत त्या वाक्याची खूण बहुधा 'च' हीच असते. तासभरच हवी, मन लागलेच पाहिजे, रविवार चुकताच कामा नये. समुपदेशकाने समोरच्याचा 'च' नेमका कुठे पडतो ते ऐकावे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते.

तिसऱ्या भेटीत ते कामाविषयी बोलत होते. "हप्ता थकलेला माणूस मला लांबून ओळखतो. परवा लक्ष्मीपुरीत एकजण मला बघून बोळात शिरला. खरं तर मी त्याला सांगणार होतो, पाचशे भर, बाकीचं पुढं बघू."

मी थोडी थांबले. "आणि तुमच्या चर्चचे पाळकसाहेब समोरून येताना दिसले, तर तुम्ही काय करता?"

ते हसले, आणि हसता हसता थांबले. "गाडी वळवतो."

मी त्यांना प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, म्हणण्याची विनंती केली. लहानपणी पाठ केलेली माणसे म्हणतात तशी त्यांनी ती भराभर म्हणायला घेतली, आणि 'तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड' या ओळीवर आवाज अडखळला. मांडीवरच्या वसुलीच्या बॅगेची चेन ते उगाच उघडत होते, लावत होते. बराच वेळ गेला.

"मॅडम, ही तर आमच्याच खात्यातली ओळ आहे. चाळीस वर्षं म्हणतोय. आणि मी मात्र व्याजासकट थकबाकी गोळा झाल्यावरच दारात जायचं म्हणत होतो."

इतक्या वर्षांत त्या ओळीतला 'ऋण' हा शब्द मीही इतक्या शब्दशः ऐकला नव्हता. माझ्याकडे येणाऱ्या किती जणांना वेळेची नव्हे, तर थकबाकीची लाज अडवत होती, हे त्या दुपारी मला लख्ख दिसले. लाज वाटणारा माणूस भेट टाळतो, टाळल्याने बाकी वाढते, आणि वाढलेल्या बाकीला तो 'व्यस्त आहे' असे सभ्य नाव देतो.

म्हणून अशांना मी प्रथम हे सांगते की, चुकलेल्या दिवसांची भरपाई करायला जाऊ नये. प्रभूची प्रार्थना म्हणायला जेमतेम अर्धा मिनिट लागतो. आज तेवढीच पुरे. दुसरे, उपकारस्तुतीला, म्हणजे देवाचे आभार मानायला, नवी वेळ शोधण्याऐवजी ती रोजच्या एखाद्या थांब्याला बांधावी. या गृहस्थांनी संध्याकाळी रोकड जुळल्यावर, बॅगेचे कुलूप लावण्यापूर्वीचा क्षण निवडला. तिसरे, 'सगळ्यासाठी आभार' असे मोघम म्हणू नये. एक माणूस किंवा एक प्रसंग, नावानिशी घ्यावा. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठवड्यातून एकदा अशा गोष्टी लिहिणाऱ्यांनाही आयुष्याविषयी अधिक समाधान वाटल्याचे आढळले. तेव्हा रोज जमले नाही तरी बिघडत नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातले, येशूच्या सांगण्यावरून निघालेले दहा कुष्ठरोगी 'जाता जाता' शुद्ध झाले आणि आभार मानायला परतलेला एकजण भर वाटेतूनच मागे वळला, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

मात्र अर्ध्या मिनिटाची प्रार्थना ही मंडळीबरोबरच्या उपासनेची जागा घेत नाही. तिथे आपल्याला सूर सापडत नसेल त्या दिवशी शेजारचा गातो. ज्यांची पाळी रविवारी असते त्यांनी पाळकांशी मोकळेपणाने बोलावे. आणि मन सतत खिन्न असेल, झोप उडाली असेल, तर कृतज्ञतेने ते झाकू नये, डॉक्टरांना भेटावे.

एप्रिलमध्ये ते शेवटचे आले. मार्चात एकच रविवार जमला, म्हणाले. पाळकसाहेबांनी गैरहजेरीविषयी चकार शब्द काढला नाही, आईच्या गुडघ्याची चौकशी केली.

"आणि तो बोळात शिरलेला?" मी विचारले.

"त्यानं तीनशे भरले. चहा मी पाजला."