रूट्सची यादी पाठ आहे पण शब्द कळत नाही, त्यावर माझा अनुभव

मराठी मीडियम, पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणं, जीआरईची (परदेशात पुढच्या शिक्षणासाठी द्यायची परीक्षा) तयारी, क्लासने दिलेली लॅटिन रूट्सची पुस्तिका आणि दर आठवड्याला तिच्यावर टेस्ट. तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. "रूट पाठ आहेत पण पॅसेजमधला शब्द कळत नाही" हे जे लिहिलंय ना, त्यातून मी गेलोय. रूट म्हणजे ज्यापासून शब्द बनतो तो मूळ तुकडा, आपल्या संस्कृत धातूसारखा, हे तुम्हाला माहीत आहेच. मी काही भाषाशास्त्र शिकलेलो नाही, तेवढं धरून वाचा.

आमच्या क्लासचं नाव घेत नाही. पूर्ण फी आधीच घेतली. पुस्तिकेत डावीकडे रूट, उजवीकडे अर्थ, टेस्टही तशीच, वाक्यात शब्द बघायचा प्रकारच नाही. जीआरईमधून अँटोनिम (विरुद्धार्थी शब्द) आणि अ‍ॅनालॉजी (शब्दांच्या जोड्यांमधलं नातं ओळखणं) हे प्रश्न २०११ मध्येच गेले, तेव्हापासून शब्द वाक्यातच येतो, तरी यांचं जुनंच चालू. त्यात पेड म्हणजे पाय असं लिहून खाली पेडल, पेडेस्ट्रियन आणि त्याच रांगेत पेडियाट्रिशियन! लहान मुलांच्या डॉक्टरचा पायाशी काय संबंध? तो शब्द ग्रीकमधल्या 'मूल' या अर्थाच्या शब्दावरून आलाय, लॅटिनमधला पाय वेगळा. काउंटरवर विचारलं तर सरांना विचारा, सरांना विचारलं तर छापलंय तसं पाठ करा, आणि फी परत मागितली तेव्हा फॉर्मच्या मागची बारीक ओळ दाखवली. पैशांचं दुःख कमी, ऐन तयारीचे महिने त्या डावी-उजवीत गेले याचा राग अजून जात नाही.

माझं ठाम मत आहे, कुणाला पटेल न पटेल, की रूटवरून अनोळखी शब्दाचा अर्थ ताडायचा नसतो, भेटलेला शब्द लक्षात ठेवायला रूट वापरायचा असतो. इन म्हणजे 'नाही' एवढंच पाठ असेल तर इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारं वाटेल, आणि ते तर पटकन पेटणारं असतं. उलट वाचताना सर्कमस्पेक्ट अडला, डिक्शनरीत 'सावध' सापडलं, मग सर्कम म्हणजे सभोवार आणि स्पेक्ट म्हणजे बघणं हे कळलं की चारी बाजूंनी बघून पाऊल टाकणारा माणूस डोळ्यासमोर येतो, तो शब्द परत विसरत नाही, आणि रेट्रोस्पेक्ट, पर्स्पेक्टिव्ह, कॉन्स्पिक्युअस त्याच्या मागोमाग येतात.

शाळेत संस्कृत घेतलं असेल तर तुम्ही निम्मं काम केलेलंच आहे. एका हृ धातूला उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार होतात, लॅटिनचंही तसंच, म्हणून आधी उपसर्ग पक्के करा, ते मोजकेच आहेत. सत् आणि जन मिळून सज्जन होतं तसं इनचं इल्लीगल, इम्पॉसिबल, इरेग्युलरमध्ये रूप बदलतं. रूटही बदलतो बरं का, फॅक्टरी, डिफेक्ट आणि एफिशियंट तिन्ही लॅटिनमधल्या एकाच 'करणे' या अर्थाच्या क्रियापदाचे, यादी घोकणाऱ्याला हे दिसतच नाही. मृत आणि मॉर्टल, दंत आणि डेंटिस्ट हे तर लांबचे नातेवाईकच आहेत.

बोलण्यासाठी मात्र रूट्सचा फारसा उपयोग नाही. पुट ऑफ, गिव्ह इन असली रोजची इंग्रजी लॅटिनमधून आलेलीच नाही, ती ऐकून ऐकूनच येते.

डिक्शनरी घेताना शब्दाची व्युत्पत्ती दिलीय का ते आत उघडून बघा, विद्यार्थ्यांसाठीच्या बऱ्याच डिक्शनऱ्यांत ती नसते. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांत नीट शोधलं तर बरंच स्वस्तात मिळतं. आणि तुमची मैत्रीणही अशाच क्लासला जाणार म्हणताय तर तिला फी हप्त्यानेच भरायला सांगा, आणि फॉर्मवर सही करायच्या आधी मागची बाजू पूर्ण वाचायला.