मोटरसायकल चॅनेलचा प्रेक्षक आवाजाने टिकतो

तुमच्या मोटरसायकलच्या यूट्यूब चॅनेलचे प्रेक्षक वाढावेत म्हणून तुम्ही नवा कॅमेरा घेण्याच्या विचारात आहात, परंतु माझ्या मते आधी आवाजाकडे लक्ष द्यावे. कारण चित्र थोडे हलले तरी प्रेक्षक चालवून घेतो, पण वाऱ्याच्या घोंघाटात बोलणे बुडाले की तो लगेच व्हिडिओ बंद करतो. फोमचे आवरण घातलेला छोटा माईक हेल्मेटच्या आत, हनुवटीच्या भागात बसवल्यास वारा त्याच्यावर थेट आदळत नाही.

यूट्यूब स्टुडिओमधील (चॅनेल सांभाळण्याच्या यूट्यूबच्याच साधनातील) प्रेक्षक टिकून राहण्याचा आलेख प्रत्येक व्हिडिओनंतर पाहावा. पहिल्या ३० सेकंदांतच तो कोसळत असेल, तर लांबलचक नमस्कार आणि फिरते बोधचिन्ह काढून थेट विषयाला हात घालावा.

निव्वळ भटकंतीचे व्हिडिओ सहसा आधीपासून ओळखणारेच पाहतात (मीही सुरुवातीला तेच करत बसलो होतो). याउलट साखळीचा ताण कसा तपासावा किंवा विशिष्ट मॉडेल दहा हजार किलोमीटरनंतर कसे वाटते, हे लोक स्वतः शोधतात, त्यामुळे असे व्हिडिओ अनेक महिने नवे प्रेक्षक आणत राहतात. शीर्षकात मॉडेलचे नाव अवश्य लिहावे.

जाहिरातींच्या उत्पन्नासाठी १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे प्रेक्षण लागते. तूर्तास तो हिशेब बाजूला ठेवावा.