कार्डानोचा नोड सिंक झाला, आता स्टेक पूल कसा उभा करायचा?

सर्व्हर घेतला, कार्डानो या ब्लॉकचेनचा नोड (साखळीची प्रत ठेवणारा प्रोग्राम) सिंक झाला, पुढे काय, असा तुमचा प्रश्न आहे. नोड चालवणं हा यातला सोपा भाग. स्टेक पूल (लोकांनी सोपवलेल्या एडीए या नाण्यांच्या बळावर ब्लॉक बनवणारे नोड) अडकतात ते डिजिटल किल्ल्यांमुळे, म्हणून सुरुवात तिथूनच.

किल्ल्या तीन प्रकारच्या: कोल्ड, व्हीआरएफ (ब्लॉक बनवायची पाळी आपली आहे का ते ठरवणारी) आणि केईएस (ब्लॉकवर सही करणारी, ठरावीक मुदतीची). कोल्ड किल्ली म्हणजे पूलची मालकी. ती इंटरनेटला कधीच न जोडलेल्या लॅपटॉपवर तयार करा आणि दोन पेनड्राइव्हवर उतरवून दोन वेगळ्या जागी ठेवा. सर्टिफिकेटचे क्रमांक मोजणाऱ्या काउंटरची फाइलही तिच्यासोबतच जपा. ब्लॉक बनवणाऱ्या मशीनवर व्हीआरएफ आणि केईएसच्या गुप्त किल्ल्या आणि ऑपरेशनल सर्टिफिकेट (कोल्ड किल्लीने केईएस किल्लीला दिलेली मान्यता), एवढंच हवं. व्हीआरएफच्या फाइलची परवानगी ४०० (फक्त मालकाला वाचता येईल अशी) करा. ती फाइल इतर युजरना वाचता येत असेल, तर नोड सुरूच होत नाही.

सर्टिफिकेट काढताना केईएसचा सुरुवातीचा पीरियड द्यावा लागतो. सध्याच्या स्लॉटचा (साखळीच्या वेळेच्या एककाचा) क्रमांक भागिले १,२९,६००, अपूर्णांक सोडून द्यायचा. एक किल्ली ६२ पीरियड, म्हणजे ९३ दिवस चालते. मुदत संपल्यावर नोड चालू दिसतो, पीअरही (जोडलेले इतर नोड) दिसतात, पण ब्लॉक एकही बनत नाही. म्हणून ८० व्या दिवसाचा अलार्म आजच लावा. नवं सर्टिफिकेट काढताना काउंटर फार जपून बघा: शेवटचा ब्लॉक ज्या सर्टिफिकेटने बनला, त्याच्यापेक्षा तो फार तर एकाने वाढू शकतो. मध्ये एखादं सर्टिफिकेट काढून वापरलंच नाही आणि आकडा दोनने पुढे गेला, तर नेटवर्क तुमचा ब्लॉक नाकारतं.

मशीन तीन धरा: एक ब्लॉक बनवणारं, दोन रिले (बाहेरच्या नेटवर्कशी बोलणारे मधले नोड). प्रत्येकी २४ जीबी रॅम आणि एसएसडी. ब्लॉक बनवणाऱ्या मशीनचा पोर्ट फायरवॉलमध्ये फक्त आपल्या रिलेंना उघडा. स्लॉट एका सेकंदाचा असतो, त्यामुळे घड्याळ अचूक ठेवणारा क्रोनी हा प्रोग्राम हवाच. त्याच किल्ल्या दोन मशीनवर एकाच वेळी चालवू नका. कार्डानोत त्यासाठी डिपॉझिट कापत नाहीत, पण एकाच स्लॉटला दोन ब्लॉक निघून साखळीला फाटा फुटतो.

नोंदणीला ५०० एडीए डिपॉझिट, स्टेक पत्त्याला २, शिवाय व्यवहाराची फी. पूल दर इपॉकला (पाच दिवसांच्या टप्प्याला) रिवॉर्डमधून घेतो तो ठरावीक खर्च किमान १७० एडीए लावावा लागतो. मेटाडेटाची (पूलचं नाव वगैरे माहितीची) फाइल ५१२ बाइटच्या आत आणि तिची लिंक ६४ अक्षरांच्या आत ठेवा. हॅश (फाइलचा डिजिटल ठसा) काढल्यावर त्या फाइलमध्ये एक रिकामी ओळ वाढली तरी हॅश जुळत नाही.

प्लेज (मालकाने पूलमध्ये स्वतः लावलेले एडीए) जेवढा जाहीर कराल, तेवढा मालकाच्या खात्यात कायम राहिला पाहिजे. कमी पडला, तर त्या इपॉकचं रिवॉर्ड तुमच्यासकट सगळ्या डेलिगेटरांचं (पूलला आपला स्टेक सोपवणाऱ्यांचं) शून्य होतं. लोकांनी विश्वासाने ठेवलेल्या स्टेकवर हा अन्याय आहे, तेव्हा प्लेज झेपेल एवढाच जाहीर करा.

पाच दिवसांच्या इपॉकमध्ये सरासरी २१,६०० ब्लॉक बनतात. साधारण दहा लाख एडीए स्टेक असेल, तर त्यातला एखादा वाट्याला येतो. पन्नास हजारांवर सरासरी शंभर दिवस वाट पाहावी लागेल. डेलिगेशन दोन इपॉकनंतर लागू होतं, म्हणून पहिले काही दिवस ब्लॉक नाही तर सेटिंग बदलत बसू नका. खऱ्या नेटवर्कवर उतरण्याआधी ही सगळी प्रक्रिया प्रीप्रॉड या सरावाच्या टेस्टनेटवर फॉसेटचे (फुकट मिळणारे चाचणीचे) एडीए घेऊन एकदा पूर्ण करा, किल्लीच्या नूतनीकरणासकट.

पूल बंद केल्यावर ५०० एडीए परत येतात ते पूलच्या रिवॉर्ड खात्यात. ते खातं आधीच रद्द केलं, तर रक्कम ट्रेझरीत (कार्डानोच्या सामाईक निधीत) जाते. जानेवारी २०२५ च्या प्लोमिन हार्ड फोर्कपासून (नेटवर्कच्या नियमबदलापासून) रिवॉर्ड काढायला मताचा अधिकार डीरेपला (मत देणाऱ्या प्रतिनिधीला) सोपवलेला असावा लागतो. तेही नोंदणीच्या वेळीच उरकून घ्या.