जपानमधली स्विफ्ट आणि आपली स्विफ्ट एकच असते का?

तुम्ही विचारलंय की यूट्यूबवर जपान-युरोपातली स्विफ्ट पाहिली, तिच्यात आपल्याकडे नसलेलं बरंच काही दिसलं, मग नाव एक असून गाडी वेगळी का? आपल्याला हलका माल देतात का? आणि दाजी जपानला आहेत, त्यांच्याकडून पार्ट मागवले तर बसतील का?

लातूरला माझं गॅरेज आहे, सतरा वर्षं झाली. २००५ साली मारुतीची स्विफ्ट भारतात आली, तेव्हापासूनची प्रत्येक पिढी माझ्या हाताखालून गेली आहे. थोडक्यात सांगायचं तर वरचं रूप एक, पण मापं, मशिनरी आणि सुरक्षा देशागणिक बदलते. यातले बरेच बदल आपल्या सोयीचेच आहेत. एका बाबतीत मात्र आपल्यावर वर्षानुवर्षं अन्याय झाला, आणि ते मी सविस्तर सांगणार आहे.

तीन वर्षांपूर्वी निलंग्याचं एक गिऱ्हाईक आलं. गाडी २०१८ च्या मॉडेलची. मुलानं ऑनलाइन जपानी मॉडेलचा पुढचा बंपर मागवला होता, पैसेही चांगले मोजले होते. मी आणि गॅरेजमधला पोरगा दुपारभर झटलो, पण एका बाजूच्या क्लिपा बसवल्या की दुसरी बाजू आत राहायची. शेवटी गिऱ्हाईकच म्हणालं, "मिस्त्री, राहू द्या, बसेना झालंय हे." मग टेप लावून मापं घेतली आणि रात्री बसून शोधलं. आपली स्विफ्ट १७३५ मिलिमीटर रुंद, जपानमधली साधी स्विफ्ट १६९५. चार सेंटिमीटरचा फरक, म्हणजे दोन्ही बाजूंना मडगार्ड बोटभर आत.

जपाननं ती अरुंद का ठेवली, तर तिथल्या नियमामुळे. तिथे १७०० मिलिमीटरच्या आतल्या रुंदीची, ४७०० च्या आतल्या लांबीची आणि २००० सीसीपर्यंतची गाडी लहान गाड्यांच्या वर्गात येते. तिच्या नंबरप्लेटवर वर्गाचा आकडा ५ पासून सुरू होतो. रुंदी त्याच्या पुढे गेली की ३ चा वर्ग. म्हणून साधी स्विफ्ट १६९५ ला थांबवली आणि १.४ लिटर टर्बोची स्विफ्ट स्पोर्ट मात्र १७३५ ची केली. ही स्पोर्ट आपल्याकडे कंपनीनं कधी विकलीच नाही.

आपल्याकडे रुंदीवर कर नाही. आपला कर लांबी आणि इंजिन बघतो. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतली, पेट्रोल १२०० आणि डिझेल १५०० सीसीपर्यंतची गाडी लहान धरतात. आज स्विफ्टचं इंजिन ११९७ सीसीचं आहे, ते याच रेषेच्या अलीकडे राहावं म्हणून. स्विफ्टलाच मागे डिकी जोडून केलेल्या डिझायरची गोष्ट तर याहून बोलकी आहे. २००८ ची पहिली डिझायर ४१६० मिलिमीटर लांब होती. २०१२ मध्ये डिकी कापून ती ३९९५ वर आणली. त्या गाडीची डिकी मागून तोडल्यासारखी दिसते असं लोक म्हणायचे. खरंच तोडली होती, करासाठी. २२ सप्टेंबर २०२५ पासून या लहान गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि मोठ्यांवर ४० टक्के. एवढी तफावत असेल तर कंपनी मिलिमीटर मोजणारच.

आता उंची. आपल्या आत्ताच्या स्विफ्टला ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यातलं अंतर, १६३ मिलिमीटर, जपानमधल्या साध्या मॉडेलला १२०. तुम्हाला हा कागदावरचा आकडा वाटेल, मला तो रोज दिसतो. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन-चार वर्षांत लाटा मारायला लागतो. वर प्रत्येक गावाच्या वेशीला स्पीड ब्रेकर, तोही कुणी कसाही घातलेला. लग्नसराईत पाच माणसं आणि डिकीत सामान भरलं की आपली १६३ ची गाडीसुद्धा खालून लागते. दरवर्षी दोन-तीन गाड्या ऑइलचं चेंबर फुटून माझ्याकडे टोचन करून येतात. १२० ची गाडी रेणापूरच्या पलीकडे गेली तर परत येईल का, याची मला शंका आहे. उंच गाडी वळणावर जरा झुकते, हे खरं. पण इथे मी उंचीच घेईन.

टायरही त्याच हिशेबाचे. आपल्या खालच्या व्हेरिएंटला १४ इंची रिमवर ८० च्या प्रोफाइलचा उंच टायर येतो, जपानमध्ये १६ इंचीवर ५५ चा चपटा टायर बसवतात. चपटा टायर छान दिसतो, पण खड्ड्यात रिमच वाकतं.

हवामानाचं तर सांगायलाच नको. तिकडे सीट गरम करायची सोय असते, होक्काइदोसारख्या बर्फाच्या भागासाठी चारही चाकं ओढणारी स्विफ्ट मिळते. परभणीत मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो, तिथे गरम सीट घेऊन काय करायची? आपल्याला २०२४ च्या मॉडेलमध्ये वरच्या व्हेरिएंटला मागे एसीचे व्हेंट दिलेत, आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना त्याचं मोल कळतं. सीएनजीही आपल्याकडची गरज म्हणून आली.

ॲव्हरेजचे आकडे मात्र शेजारी ठेवू नका. जपानमधली हायब्रिड, म्हणजे इंजिनाच्या मदतीला बॅटरीवरची मोटर असलेली स्विफ्ट, लिटरला २४.५ किलोमीटर सांगते आणि आपली ऑटो गिअरची, हायब्रिड नसलेली गाडी २५.७५. म्हणून आपली भारी ठरत नाही. दोन्हीकडची चाचणीची पद्धत वेगळी आहे.

आता हलक्या मालाचा प्रश्न. इथे मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही. एनकॅप म्हणजे गाडी आपटून बघून सुरक्षेचे ५ पैकी तारे देणारी चाचणी. २०१० मध्ये युरोपातल्या स्विफ्टला युरो एनकॅपच्या चाचणीत ५ तारे मिळाले. त्याच पिढीची स्विफ्ट आपल्याकडे खालच्या व्हेरिएंटला एअरबॅगशिवाय विकली जात होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं ती ताशी ६४ किलोमीटरनं आपटून पाहिली आणि मोठ्यांच्या सुरक्षेत तिला शून्य तारे मिळाले. दोन्ही चाचण्यांचे निकष सारखे नव्हते हे मान्य, पण एअरबॅग नव्हती हे तर डोळ्यांना दिसत होतं. लेकीच्या अंगावर दागिने घालून तिला सासरी पाठवणारा बाप त्या काळी माझ्यासमोर अलॉय व्हील आणि टेपवर खर्च करायचा, एअरबॅगचं व्हेरिएंट घ्या म्हटलं की हात आखडायचा. त्याला ते कुणी समजावून सांगितलंच नव्हतं.

हे बदललं ते कायद्यानं. जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, मग शेजारच्या सीटची. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारत एनकॅप सुरू झालं आणि गिऱ्हाईक स्वतःहून तारे विचारायला लागलं. २०२४ ची स्विफ्ट आली ती सगळ्या व्हेरिएंटला सहा एअरबॅग घेऊन. समोर अडथळा आला की आपोआप ब्रेक लावणारी, कॅमेरा-रडारवर चालणारी यंत्रणा मात्र तेव्हाही जपान आणि युरोपातच दिली, आपल्याला दिली नाही.

आणि नुसत्या एअरबॅग मोजूनही भागत नाही. याच नव्या पिढीला २०२४ मध्ये जपानच्या चाचणीत ४ तारे मिळाले, युरोपात ३ आणि ऑस्ट्रेलियात १. ऑस्ट्रेलियाच्या संस्थेनं तर स्पष्ट सांगितलं की तिथे विकलेल्या गाडीचा सांगाडा युरोपातल्या गाडीपेक्षा वेगळा आहे. नाव तेच, पिढी तीच, वर्ष तेच! म्हणून व्हॉट्सॲपवर कुणी दुसऱ्या देशातल्या स्विफ्टचे तारे पाठवले तर ते आपल्या गाडीला लावू नका. डिझायरला ग्लोबल एनकॅपचे ५ तारे मिळाले, तेही स्विफ्टचे समजू नका. भारतात विकलेल्या त्याच मॉडेलची चाचणी झाली का, एवढंच शोरूमला विचारा आणि उत्तर लेखी मागा.

पार्टचं म्हणाल तर बंपर, मडगार्ड, शॉकअप, स्प्रिंग हे जपानहून अजिबात मागवू नका. पहिले दोन बसणार नाहीत, आणि स्प्रिंग बसली तरी गाडी खाली येईल. दाजींना काही पाठवायचंच असेल तर आधी तुमच्या गाडीचा चेसिस नंबर घेऊन इथल्या स्पेअरच्या दुकानात जा, पार्ट नंबर काढून घ्या, आणि तिकडच्या पार्टवर तोच नंबर छापलेला असेल तरच पैसे भरायला सांगा. एक आकडा जरी वेगळा निघाला तरी थांबा. बहुतेक वेळा तोच पार्ट लातुरात निम्म्या किमतीत मिळतो.