गप्पीच्या पिल्लांना लपण्यासाठी घरातली कोणती वस्तू टाकीत ठेवावी?

गप्पी मासे स्वतःची पिल्लेही खातात, त्यामुळे आडोसा हवाच. रंग न दिलेली कोरी मातीची कुंडी आडवी ठेवणे उत्तम. मात्र ती साबणाने धुऊ नये, कारण सच्छिद्र माती साबण शोषून घेते आणि तो पुढे पाण्यात उतरतो. तळाच्या छिद्रात मोठा मासा अडकू शकतो, म्हणून फुटक्या कुंडीचा कडा घासलेला अर्धा भाग मला अधिक पसंत आहे. नवजात पिल्ले बहुधा पृष्ठभागाजवळ आसरा शोधतात, तेव्हा जावा मॉस किंवा हॉर्नवर्ट या पाणवनस्पतींची दाट जुडी अवश्य सोडावी. घरातले शिंपले ठेवल्यास पाण्याची कठीणता, म्हणजे त्यात विरघळलेल्या कॅल्शियमसारख्या क्षारांचे प्रमाण, वाढते. गप्पींना ते चालते, निऑन टेट्रा या माशाला मानवत नाही. तांब्या-पितळेच्या वस्तू मात्र माशांना विषारी ठरू शकतात, त्या कदापि ठेवू नयेत.