यंत्र आकडे देतं, पण कुठल्या स्क्रीनचे?

स्क्रीनचे रंग अचूक करायला स्वस्तातला कलरिमीटर (स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र) घेतला, डिस्प्लेकॅल या प्रोग्रॅममध्ये मोजणी केली, पण पांढरा रंग हिरवट दिसतो. यंत्र खराब निघालं का?

बहुधा नाही. पिवळसर दिसत असता, तर म्हटलं असतं दोन दिवस थांबा. निळसर पांढऱ्याला सरावलेल्या डोळ्यांना 6500 केल्विन, म्हणजे मोजणीत धरलेलं पांढऱ्याचं प्रमाण, सुरुवातीला पिवळंच वाटतं. हिरवट असेल तर आधी डिस्प्लेकॅलमधला ‘करेक्शन’चा रकाना पाहा. कलरिमीटरच्या आत मोजकेच रंगीत फिल्टर असतात आणि ते माणसाच्या डोळ्याशी तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून साधा पांढरा एलईडी बॅकलाइट (स्क्रीनमागचा दिवा) आणि वाइड-गॅमट (जास्त गडद रंग दाखवणारा) बॅकलाइट डोळ्याला सारखेच पांढरे दिसले, तरी यंत्राचे आकडे वेगवेगळे येतात. ही तफावत सीसीएसएस किंवा सीसीएमएक्स फाइलने भरून निघते. सीसीएसएसमध्ये बॅकलाइटच्या प्रकाशाचा वर्णपट असतो, तर सीसीएमएक्स ठरावीक यंत्र आणि ठरावीक स्क्रीन यांच्या जोडीपुरती असते. आपल्या पॅनेलचा प्रकार शोधून त्याचीच फाइल निवडा. अंदाजाने निवडलेली फाइल चूक आणखी वाढवू शकते.

आणखी एक. मॉनिटर किंचित मागे कलता करा, म्हणजे यंत्र काचेला सपाट टेकेल. कडेला केसभर फट राहिली तरी खोलीतला उजेड आत शिरतो आणि काळ्या रंगाची मापं बिघडतात.

मोजणीतून तयार झालेलं प्रोफाइल बसवलं, तरी तोच फोटो जिम्प या फोटो-संपादकात वेगळा आणि साध्या फोटो व्ह्यूअरमध्ये भडक दिसतो. असं का?

इथे दोन वेगळी कामं आहेत, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. कॅलिब्रेशनच्या, म्हणजे रंगदुरुस्तीच्या, वक्ररेषा ग्राफिक्स कार्डात चढतात आणि पांढरा बिंदू (व्हाइट पॉइंट, म्हणजे पांढऱ्याची छटा), गामा (मधल्या छटांचा उजेड) व करड्या छटा संपूर्ण स्क्रीनवर सुधारतात. प्रोफाइल मात्र स्क्रीनचं नुसतं वर्णन असतं. ते वाचून रंग बदलायचं काम प्रोग्रॅमचं. जिम्प आणि डार्कटेबल ते करतात. तुमचा व्ह्यूअर करत नसावा, आणि वाइड-गॅमट स्क्रीनवर त्याचा लाल लगेच डोळ्यात खुपतो. लिनक्सवरच्या प्लाझ्मा 6 मध्ये वेलँडवर (स्क्रीनवर चित्र उमटवणारी नवी यंत्रणा) डेस्कटॉप स्वतःच प्रोफाइल लावतो. म्हणून मोजणीआधी तिथलं जुनं प्रोफाइल काढून टाका. शक्य असेल तर मोजणी एक्स11 या जुन्या यंत्रणेच्या सत्रातच करा.

लॅपटॉपला लाल-हिरवा-निळा बदलायची सोय नाही. 6500 केल्विन कसं गाठू?

हट्ट धरू नका. फरक थोडा असेल तर व्हाइट पॉइंट ‘नेटिव्ह’ (स्क्रीनचा मूळचा) ठेवा. सगळी दुरुस्ती वक्ररेषांवर टाकली की प्रत्येक रंगाच्या 8 बिटांच्या 256 पायऱ्यांतल्या काही वाया जातात आणि आकाशाच्या फिकट छटांत पट्टे उमटतात.

मोजणी किती दिवसांनी करावी?

दीड-दोन महिन्यांनी पुरे. मात्र ब्राइटनेसचं बटण हलवलं की जुनी मोजणी त्या स्क्रीनची राहत नाही. मी ब्राइटनेस 120 कँडेला प्रति चौरस मीटरवर ठेवतो आणि त्यासाठी मॉनिटरवर लावलेला ब्राइटनेसचा आकडा प्रोफाइलच्या नावातच लिहितो. मोजणीआधी स्क्रीन अर्धा तास चालू ठेवा, नाइट लाइट (रात्री स्क्रीन पिवळसर करणारी सोय) बंद करा.