आधी मूळ संविधान वाच

अमेरिकेची राज्यव्यवस्था समजून घ्यायला सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. लॉक, माँटेस्क्यू हे राजकीय विचारवंत नंतर. आधी अमेरिकेचं १७८७ चं संविधान स्वतः वाच. मूळ कलमं अवघी सात, एका बैठकीत होतात. मग ‘फेडरलिस्ट’च्या, म्हणजे त्या संविधानाच्या समर्थनार्थ लिहिलेल्या, ८५ लेखांपैकी दहावा आणि एकावन्नावा. माणसं देवदूत नसतात, म्हणून सत्तेला सत्तेचाच लगाम हवा, हे या दोन लेखांचा लेखक जेम्स मॅडिसन याचं म्हणणं कळलं की राष्ट्राध्यक्षाचा नकाराधिकार आणि तो उलटवायला लागणारी दोन-तृतीयांश मतं यांचा अर्थ लागतो.

पण तीन-पंचमांशाची तरतूद गाळून पुढे जाऊ नकोस. प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांची मोजणी तेवढीच धरली जायची! गुलामगिरी संपली ती १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने. म्हणूनच जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. ती अर्पणपत्रिका वाचताना मला अजूनही भरून येतं.